बर्लिन राजवाडा

जर्मनीच्या राजधानीत श्प्रे नदीच्या बेटावर असलेली, बाहेरून बारोक (सतराव्या-अठराव्या शतकांतील भव्य, अलंकृत) शैलीची दिसणारी, पण प्रत्यक्षात 2020 मध्ये पूर्ण झालेली वास्तू. मूळ राजवाडा ब्रांडेनबुर्ग व पुढे प्रशियावर राज्य करणाऱ्या होहेन्झोलर्न घराण्याचे मुख्य निवासस्थान होता. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला शासक) दुसरा फ्रीडरिश याने 1443 मध्ये त्याची पायाभरणी केली, तेव्हा आपल्या हक्कांवर गदा येत असल्याचे ओळखून शहरवासीयांनी 1448 मध्ये नदीचे पाणी सोडून बांधकामच बुडवले. बंड मोडले गेले आणि वाडा उभा राहिला.

त्याला बारोक रूप मिळाले ते सतराव्या शतकाच्या अखेरीस. इलेक्टर तिसऱ्या फ्रीडरिशला राजपदाची आस होती व त्या पदाला साजेसे घर हवे होते. म्हणून मूर्तिकार आणि वास्तुकार आंद्रेआस श्ल्यूटर याने 1698 पासून जुन्या वाड्याभोवती भव्य दर्शनी भिंती आणि शिल्पांनी नटलेला चौक रचला. 1701 मध्ये फ्रीडरिश प्रशियाचा पहिला राजा झाला. श्ल्यूटरचे नशीब मात्र फिरले : त्याने उभारलेला लगतचा टांकसाळीचा मनोरा खचू लागल्याने 1706 मध्ये तो उतरवावा लागला आणि राजवाड्याचे काम वास्तुकार एओझांडरकडे गेले. पुढचा काटकसरी राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म याने 1713 मध्ये सत्तेवर येताच खर्चाला कात्री लावली.

मार्च 1848 च्या क्रांतीत राजवाड्यासमोरच्या चौकात जमलेल्या जमावावर सैन्य चालून गेले आणि शहरात मोर्चेबंदी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी राजा चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मला राजवाड्याच्या आतल्या चौकात आणलेल्या मृतांपुढे मान झुकवावी लागली. याच राजाच्या काळात 1853 पर्यंत पश्चिम दरवाजावर घुमट चढला आणि येशूच्या नावापुढे सर्वांनी गुडघे टेकावेत, अशा आशयाचा लेख त्यावर कोरला गेला. क्रांतीला दिलेले ते उत्तर होते, असे मानण्यास जागा आहे.

राजघराण्याची सत्ता नोव्हेंबर 1918 मध्ये संपली. 9 तारखेला डावा क्रांतिकारक नेता कार्ल लीब्कनेश्ट याने चौथ्या दरवाजावरील सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. नंतर इमारतीत संग्रहालय आले. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली, तरी जाड भिंती तगल्या आणि शाबूत दालनांत युद्धानंतर प्रदर्शनेही भरली. म्हणजे 1950 मध्ये साम्यवादी नेता वाल्टर उल्ब्रिश्टच्या पुढाकाराने पूर्व जर्मनीच्या सरकारने ती सुरुंगांनी पाडली, ती केवळ नाइलाजाने नव्हे. सभा-संचलनांसाठी मोकळे मैदान हवे होते आणि प्रशियाची खूण नको होती. लीब्कनेश्टचा सज्जा असलेला दरवाजा मात्र जवळच्या राज्य परिषदेच्या नव्या इमारतीत बसवण्यात आला. तो आजही तेथे आहे.

त्याच जागी 1976 मध्ये ‘प्रजासत्ताक प्रासाद’ खुला झाला. त्यात पूर्व जर्मनीची संसद होती, तशी उपाहारगृहे आणि नृत्य-संगीताची सभागृहेही होती, त्यामुळे पूर्व बर्लिनच्या अनेकांना तो आपला वाटे. ऑगस्ट 1990 मध्ये संसदेने येथेच पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला. महिन्याभरात अॅस्बेस्टॉसमुळे इमारत बंद झाली आणि 2006 ते 2008 या काळात तीही पाडली गेली.

पुनर्बांधणीची कल्पना लोकांच्या गळी उतरवण्यासाठी 1993 मध्ये जुना दर्शनी भाग कापडावर रंगवून प्रत्यक्ष आकारात उभा केला होता. 2002 मध्ये एकीकृत जर्मनीच्या संसदेने तीन बारोक बाजू पुन्हा बांधण्यास मान्यता दिली. इटालियन वास्तुकार फ्रांको स्टेला याने पूर्वेची, नदीकडील बाजू मुद्दाम साधी, आधुनिक ठेवली. आत हुंबोल्ट फोरम हे संग्रहालय व सांस्कृतिक केंद्र असून आशियाई कला आणि मानववंशशास्त्राचे संग्रह मांडले आहेत. वसाहतकाळात मिळवलेल्या वस्तू प्रशियाच्या राजवाड्यात ठेवाव्यात का, आणि घुमटावर क्रूस व जुना लेख पुन्हा बसवणे योग्य होते का, यांवर तीव्र वाद झाले. आजच्या नायजेरियातील जुन्या बेनिन राज्याच्या पितळी शिल्पांची मालकी 2022 मध्ये नायजेरियाकडे देण्यात आली; त्यांतील काही शिल्पे उसनवारीवर येथे प्रदर्शित आहेत.