रेडिओवरील प्रतिस्पर्धी प्रसारकांच्या जाहिराती

रेडिओ केंद्राने आपल्या वेळेत दूरचित्रवाणी वाहिनी, ओटीटी सेवा किंवा क्वचित दुसऱ्या रेडिओ केंद्राची जाहिरात लावणे. ठाणे व नवी मुंबईत हा प्रकार रोजचा आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा ऐरोली पुलावरच्या सकाळच्या कोंडीत, गाडीतला एफएम रात्री साडेआठला सुरू होणाऱ्या मराठी मालिकेची आठवण करून देत असतो.

श्रोता पळवणाऱ्यालाच जागा का द्यायची, असा प्रश्न पडतो. पण दोघांची गर्दीची वेळ वेगळी असते. रेडिओला चांगला भाव सकाळी ७ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ९ या पट्ट्यांत मिळतो, कारण तेव्हा लोक प्रवासात असतात. संध्याकाळचे शेवटचे दोन तास मालिकांवर येतात खरे, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर स्टिअरिंग धरून बसलेल्याला टीव्ही पाहता येत नाही. तो घरी पोहोचला की तसाही रेडिओ बंद करतो.

दुसरे कारण रोकड पैशाचे. जाहिरातीची वेळ दहा सेकंदांच्या एककाने विकली जाते आणि न विकलेले दहा सेकंद उद्यासाठी राखून ठेवता येत नाहीत. नव्या मालिकेसाठी वाहिनी रोज २० सेकंदांचे १० स्पॉट (म्हणजे जाहिरात दहा वेळा वाजवणे) सात दिवस घेते, तेव्हा एका रिलीज ऑर्डरमध्ये, म्हणजे जाहिरात लावण्याच्या लेखी मागणीत, १,४०० सेकंद, म्हणजे १४० एकके खपतात. इथली खासगी केंद्रे मुंबईच्या परवान्यावर चालतात, त्यामुळे ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या साडीच्या दुकानाला पार विरारपर्यंतच्या श्रोत्यांचे पैसे मोजावे लागतात. वाहिनीला मात्र तो सगळाच टापू हवा असतो. त्या अर्थाने ती केंद्राची आदर्श गिऱ्हाईक ठरते.

वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत तर स्पर्धाच नाममात्र आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात, एवढेच. जो माल आपल्या दुकानात ठेवता येत नाही, त्याची पाटी लावण्यात तोटा नाही.

एकाच मालकाच्या माध्यमांचा हिशेब निराळा. खासगी एफएमच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्यातील धोरणानुसार, शहरात केंद्रे चालवणाऱ्या किमान तीन वेगवेगळ्या कंपन्या असतील तर एका कंपनीला तिथल्या ४० टक्क्यांपर्यंत एफएम वाहिन्या ठेवता येतात. मुंबई पट्ट्यात फीव्हर १०४ आणि रेडिओ नशा ९१.९ एकाच समूहातून आल्या. अशा जोडीत एकीने दुसरीचे नाव घेतले तरी पैसा घरातच राहतो. याशिवाय अदलाबदलीचे सौदे होतात: केंद्र वाहिनीला स्पॉट देते आणि मोबदल्यात पडद्यावर आपले नाव झळकवून घेते. दोन्ही बाजूंनी दरपत्रकातला भाव लावला तर सौदा कागदावर फुगतो. खरी तुलना प्रत्यक्ष मिळणाऱ्या भावाने करावी.

त्याच शहरातल्या परक्या एफएमची जाहिरात मात्र सहसा नाकारतात. तिथे वेळेचा फरक नसतो, बटण दाबताच श्रोता जातो. आरजेच्या गप्पांत दुसऱ्या केंद्राची फ्रिक्वेन्सी निघू नये, यावर निर्मात्याचा कान असतो.

अशा जाहिराती बिघडतात त्या बहुधा वेळेमुळे. ‘आजपासून’ म्हणणारा स्पॉट दुसऱ्या दिवशी वाजला तर तो फुकट गेला. म्हणून ‘सोमवारपासून’, ‘आजपासून’ आणि ‘रोज रात्री’ अशा तीन वेगळ्या ध्वनिफिती करून प्रत्येकीच्या फाइलनावात सुरू व बंद होण्याची तारीख घालतात. २० सेकंदांत साधारण ४० ते ४५ मराठी शब्द बसतात. नायिकेचा संवाद लांबला की शेवटी वाहिनीचे नाव आणि वेळच घाईत गिळली जाते, आणि ऐकणाऱ्याला लक्षात ठेवायचे तेवढेच असते. साडेआठच्याच दोन वाहिन्यांचे स्पॉट एका ब्रेकमध्ये लागोपाठ आले तर दोन्ही एजन्सी तक्रार करतात, म्हणून वेळापत्रक लावणारा ट्रॅफिक विभाग त्यांच्यात किमान एक ब्रेक सोडतो. सॉफ्टवेअरमध्ये दोघींना ‘मनोरंजन’ असा एकच वर्ग दिला असेल तरच हे अंतर आपोआप राखले जाते. चुकलेला स्पॉट नंतर भरून देतात, त्याला मेकगुड म्हणतात. पण मालिकेचा पहिला भाग होऊन गेल्यावर त्याला अर्थ उरत नाही, म्हणून त्याऐवजी बिलातून रक्कम वजा करून घेण्याची अट ऑर्डरमध्येच लिहून घेणे चांगले.