एका एपिसोडमध्ये बऱ्या होणाऱ्या मुली

किशोरवयीनांसाठीच्या इंग्रजी मालिकांत अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन ते ओकून काढणं) हे खाण्याचे विकार गेली चाळीसेक वर्षं येत आहेत. त्यांतलं आजारी पडणं टीव्हीला लगेच जमलं. बरं होणं दाखवायला मात्र फार वर्षं गेली.

१९८१ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘द बेस्ट लिटल गर्ल इन द वर्ल्ड’ हा टीव्हीपट लागला. तो ज्या कादंबरीवर बेतला होता, तिचे लेखक स्टीव्हन लेव्हनक्रॉन स्वतः मानसोपचार करत. पुढच्याच वर्षी गायिका कॅरन कार्पेंटर त्यांच्याकडे उपचारांसाठी गेली. ४ फेब्रुवारी १९८३ला, अवघ्या ३२व्या वर्षी ती वारली आणि हा आजार जीवही घेतो हे अमेरिकेत घरोघरी कळलं. मग या विषयावर आणखी टीव्हीपट आले. साचा बहुतेक तोच: सुखवस्तू घरातली गुणी, गोरी मुलगी, दिसू लागलेली हाडं, दवाखाना, आईबापांची रडारड. शेवटी ती जेवायला तयार झाली की चित्रपट संपला.

विनोदी मालिकांनी तर हे अर्ध्या तासात उरकलं. ‘फुल हाउस’च्या १९९०मधल्या एका भागात डी.जे. ही शाळकरी मुलगी मैत्रिणीच्या पूल पार्टीच्या धास्तीने जेवण टाळते, जिममध्ये चक्कर येऊन पडते. मग वडील जवळ बसवून समजावतात, मिठी होते, विषय मिटतो. पुढच्या आठवड्यात त्याचा मागमूस नाही. लेखकांना दोष देण्यापेक्षा धंद्याचं गणित पाहावं. या मालिका पुनःप्रक्षेपणासाठी विकल्या जात आणि कुठलाही भाग कधीही लागला तरी चालायला हवा असे. अशा चौकटीत महिनोन्‌महिने चालणारा आजार बसणार कुठे?

त्याच सुमारास ‘ग्रोइंग पेन्स’ या विनोदी मालिकेत कॅरल या मुलीच्या वजनावर तिच्या भावांच्या तोंडी कोट्या लिहिल्या जात होत्या. ती भूमिका करणारी ट्रेसी गोल्ड प्रत्यक्षात अ‍ॅनोरेक्सियाने इतकी खंगली की तिला मालिका अर्धवट सोडावी लागली. १९९४मध्ये तिनेच ‘फॉर द लव्ह ऑफ नॅन्सी’ या टीव्हीपटात अशा रुग्ण मुलीचं काम केलं.

ब्रिटनमध्ये २००७ला ‘स्किन्स’ आली आणि उपदेशाचा सूर गेला. पण दुसऱ्याच भागात कॅसी ही उपाशी राहणारी मुलगी आपल्या मित्राला, जेवल्याचं नाटक कसं वठवायचं, ते टेबलावर करून दाखवते. प्रसंग लिहिलाय उत्तम, आणि नेमका म्हणूनच घातक. तिचे फोटो आणि संवाद पुढे टम्बलर या समाजमाध्यमावर उपाशी राहण्याचं कौतुक करणाऱ्या पानांवर फिरत राहिले. ब्रिटनची ‘बीट’ ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था माध्यमांना सांगते की वजनाचे आकडे देऊ नका, खंगलेल्या शरीराची चित्रं दाखवू नका, युक्त्यांचा तपशील टाळा. कॅसीचा तो प्रसंग पाहिला की हे शेवटचं कशासाठी ते वेगळं सांगावं लागत नाही.

खरा बदल २०१३च्या ‘माय मॅड फॅट डायरी’ या ब्रिटिश मालिकेत दिसतो. इथे नायिका राय मनोरुग्णांच्या दवाखान्यातून घरी येते तिथूनच गोष्ट सुरू होते, म्हणजे जुने टीव्हीपट जिथे संपायचे तिथून. शिवाय ती हडकुळी नाही. तिचा त्रास अनावर खाण्याचा आहे. थेरपिस्ट केस्टर हा काही देवमाणूस नव्हे. राय त्याच्याशी भांडते आणि पुन्हा त्याच्याकडेच जाते.

‘हार्टस्टॉपर’ या मालिकेला तर तीन सीझन मिळाले. तिच्यात खाण्याचा विकार जडलेला चार्ली हा मुलगा आहे, हेच या विषयावरच्या मालिकांत विरळ. तिसऱ्या सीझनमध्ये (२०२४) चार्लीचा प्रियकर निक याची मानसोपचारतज्ज्ञ मावशी निकला स्पष्टच सांगते की चार्लीला बरं करणं त्याच्या हातात नाही. त्याने सोबत राहावं, घरच्यांना सांगायला मदत करावी. चौथा भाग दवाखान्यातल्या आणि नंतरच्या महिन्यांचा आहे. चार्ली घरी येतो, पण थेरपी चालूच राहते आणि पुढच्या भागांतही जेवणाचं टेबल त्याला सोपं जात नाही.