पार्श्वभूमी : चिपीच्या ‘स्वस्त’ विमानाची तीन वर्षे

मुंबईहून सिंधुदुर्गातल्या चिपीला जाणारे ७० आसनी विमान ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले. तीन वर्षे आणि वर काही दिवस. हा हिशेब योगायोगाचा नाही. केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवेच्या योजनेत तुटीची भरपाई तीन वर्षेच मिळते. त्यानंतर मार्ग आपल्या पायावर उभा राहील असे धरलेले असते. हा मार्ग उभा राहिला नाही. का, ते कळायला आधी ‘स्वस्त विमानसेवा’ या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. कोकणात या एका शब्दाखाली तीन निरनिराळे व्यवहार सरसकट चालवून घेतले जातात.

पहिला व्यवहार खऱ्या अर्थाने लो-कॉस्ट, म्हणजे कंपनीचा स्वतःचा खर्चच कमी. ताफ्यात एकाच जातीची विमाने, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुटे भाग एकाच प्रकारचे. एकच वर्ग, १८० किंवा १८६ खुर्च्या. जमिनीवर अर्ध्या तासाच्या आत प्रवासी उतरवून नवे चढवायचे, खाण्याचे वेगळे पैसे घ्यायचे. दुसरा व्यवहार नुसत्या कमी भाड्याचा : महिनाभर आधी काढलेले, पहिल्या काही खुर्च्यांचे तिकीट. तिसऱ्यात विमान चालवणे महागच असते, पण फरक सरकार भरते. चिपीचे विमान या तिसऱ्या प्रकारात मोडत होते. लोकांनी मात्र त्याला पहिल्याचे नाव दिले आणि दुसऱ्याच्या अपेक्षा लावल्या.

कोकण किनाऱ्याला हा घोळ नवा नाही. स्वदेशीच्या भरात सहकारी तत्त्वावर निघालेली बोट कंपनी इथे ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जाई आणि तिच्या बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे होती. पावसाळ्यात बंदरे बंद, म्हणजे भांडवल चार महिने धक्क्याला बांधलेले. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली, तेही दिवस पावसाचेच. गोव्याची विमान कंपनी तर धंद्यासाठी निघालीच नव्हती. भारताने गोव्याची नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज राजवटीने १९५५ मध्ये ती काढली. दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीकडे तिची विमाने जात, आणि १९६१ मध्ये राजवटीबरोबर तीही संपली. लहान गावांसाठी १९८१ मध्ये दोन सरकारी कंपन्यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली. तिच्या ताफ्यात १९ आसनी डॉर्नियर होती. १९९३ मध्ये ती देशांतर्गत सरकारी कंपनीत विरून गेली. रेल्वे यायला १९९८ उजाडले.

आजच्या अर्थाची बजेट विमानसेवा भारतात सुरू केली ती ‘एअर डेक्कन’ने, ऑगस्ट २००३ मध्ये, बंगळूर–हुबळी मार्गावर, एटीआर ४२ या ४८ आसनी, पंख्याच्या विमानाने. पुढे गाजली एक रुपयाची तिकिटे, पण त्या कंपनीची खरी अक्कल विमानाच्या निवडीत होती. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना २००४ पासून लँडिंग शुल्क माफ झाले. पुढे ४० टनांखालच्या विमानांच्या इंधनावर राज्यांना ४ टक्क्यांपेक्षा जास्त विक्रीकर लावता येणार नाही असेही ठरले. त्याच वेळी मोठ्या जेटच्या इंधनावर कित्येक राज्ये २५ टक्क्यांच्या आसपास कर घेत होती. पंख्याचे विमान लहान गावी परवडते ते या दोन सवलतींमुळे. प्रवाशांना वाटते तसे ते जुने किंवा कमी दर्जाचे म्हणून स्वस्त नसते.

त्या कंपनीचा शेवट एका नियमातून झाला. परदेशी उड्डाणांसाठी देशात पाच वर्षे सेवा आणि ताफ्यात २० विमाने लागत. पाच वर्षे पुरी व्हायला आलेल्या स्वस्त कंपनीवर एका महागड्या कंपनीची नजर गेली. २००७ मध्ये तिने हिस्सा घेतला, २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि २०१२ मध्ये सगळेच जमिनीवर आले. मधल्या काळात २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या लो-कॉस्ट कंपन्यांनी मुंबई–गोवा मार्ग जेटने भरून टाकला. त्यांतली एक मे २०२३ मध्ये इंजिनांच्या तुटवड्याचे कारण देत दिवाळखोरीत गेली. एकाच जातीच्या विमानांची ही दुसरी बाजू : इंजिनात दोष निघाला की सगळा ताफा एकदम अडकतो. रत्नागिरीची धावपट्टी या साऱ्या काळात तटरक्षक दलाच्या कामी येत राहिली, आणि सिंधुदुर्गात तर धावपट्टीच नव्हती. चिपीच्या २,५०० मीटर धावपट्टीवर चाचणीचे विमान सप्टेंबर २०१८ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, मूर्ती घेऊन उतरले. प्रवासी उतरायला आणखी तीन वर्षे लागली.

आता ‘उडान’चे गणित, कारण भांडणे इथेच आहेत. योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि पहिले उड्डाण एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली झाले. ‘एका तासाला २,५०० रुपये’ ही ओळ तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्की बसली. मूळ तरतूद अशी : सुमारे ५०० किलोमीटरच्या, साधारण तासाभराच्या उड्डाणासाठी २,५०० ची मर्यादा. अंतर कमी तर मर्यादा कमी, जास्त तर जास्त. आणि ही मर्यादा विमानातल्या निम्म्याच खुर्च्यांना, कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०. ७० आसनी विमानात अशा ३५ खुर्च्या होतात. उरलेल्या ३५ चे भाडे कंपनी बाजाराप्रमाणे ठरवते. खुर्चीवर कसला शिक्का नसतो. बुकिंगच्या यंत्रणेत ती फक्त एक भाडेश्रेणी असते, आणि ती भरली की पुढच्याला वरची श्रेणी दिसते. चिपीच्या जाहिरातीतले २,५२० ‘पासून’ होते. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांना दिसणारे भाडे उरलेल्या ३५ खुर्च्यांचे असे. याला फसवणूक म्हटले गेले. नियमाप्रमाणे ती फसवणूक नव्हती. पण ‘निम्म्या खुर्च्या’ हे दोन शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायला कोणी बंदी केली नव्हती, एवढेही म्हणायला हवे.

भरपाई, म्हणजे व्हीजीएफ, ठरते बोलीने. मर्यादित भाड्याच्या प्रत्येक खुर्चीमागे किती रुपये हवेत ते कंपन्या सांगतात आणि कमी मागणाऱ्याला मार्ग मिळतो. बिलाचा ८० टक्के भाग केंद्राच्या निधीतून येतो आणि २० टक्के राज्याचा. केंद्राचा निधी मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर आकार लावून उभा केलेला आहे, म्हणजे मुंबई–दिल्लीचा प्रवासी थोडेसे चिपीचेही तिकीट भरत होता. शिवाय राज्याने अग्निशमन आणि पोलीस बंदोबस्त फुकट द्यायचा, योजनेतल्या विमानतळावर इंधनावरचा व्हॅट एक टक्का किंवा त्याखाली ठेवायचा.

आकडे मांडून पाहू. हे फक्त उदाहरण आहे, कोणाच्या हिशेबवहीतले नव्हे. समजा एका बाजूच्या फेरीचा खर्च ३,१५,००० रुपये, म्हणजे खुर्चीमागे ४,५००. मर्यादित ३५ खुर्च्या २,००० ने गेल्या तर ७०,००० आले. खुर्चीमागे २,५०० भरपाई धरली तर ८७,५००. निम्मा खर्च, म्हणजे १,५७,५००, इथेच निघाला. उरलेल्या ३५ खुर्च्या भरल्या तर सरासरी ४,५०० पुरतात. त्यांतल्या २० च विकल्या तर सरासरी ७,८७५ लागते. आता भरपाई काढून घ्या. विमानात ५० माणसे असली तर प्रत्येकाकडून ६,३०० यायला हवेत, वर्षाचे बारा महिने. गणपतीच्या आठवड्यात हे भाडे कोणीही देईल. जुलैतल्या मंगळवारी कुडाळहून मुंबईला जाणारा माणूस रात्रीची गाडी धरेल.

वादग्रस्त निर्णय म्हणजे ही तीन वर्षांची मुदत. ती देशभर एकच आहे. लडाखच्या हिवाळ्यालाही तीच, कोकणच्या पावसालाही तीच. चिपीच्या वाट्याला २०२२, २०२३ आणि २०२४ असे तीन पावसाळे आले, म्हणजे ३६ पैकी १२ महिने. सुरुवातीला तिथे विमाने दिवसाउजेडी, नजरेच्या आधारानेच उतरत. अशा उड्डाणाला जमिनीवर ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ १,५०० फुटांच्या वर असावा लागतो. कातळी सड्यावर ढग टेकले की धावपट्टी कितीही लांब असो, काही उपयोग नाही. वैमानिक थोडा वेळ घिरट्या घालतो, मग गोव्याला वळतो किंवा मुंबईला परततो. इंधन जळते, परतीची फेरी बुडते, आणि भरपाई केलेल्या उड्डाणांवरच मिळत असल्याने तीही हातची जाते. त्याच विमानाला संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचे असते, मग तिथलेही वेळापत्रक कोसळते. दोन-तीनदा असे झाले की दवाखान्याची किंवा कोर्टाची तारीख असलेला माणूस पुन्हा तिकीट काढत नाही. कमी भाड्यापेक्षा हा प्रवासी गमावणे जास्त महाग पडते, कारण वर्षभर ठरलेला प्रवास करणारा तोच. तीन वर्षांचे घड्याळ सुरू करण्याआधी उपकरणांच्या आधारे उतरायची सोय करायला हवी होती. क्रम उलटा झाला.

दुसरी तरतूद मक्तेदारीची. योजनेतल्या मार्गावर तीन वर्षे दुसऱ्या कंपनीला येऊ देत नाहीत. कागदावर हे संरक्षण भक्कम दिसते, पण ते दोन विमानतळांमधल्या मार्गाला असते, प्रदेशाला नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. बांदा आणि सावंतवाडीच्या माणसाला मोपा चिपीपेक्षा जवळ. तिथे दिवसभरात मुंबईची कितीतरी विमाने, १८० आसनी जेट, कंपन्यांची आपसात स्पर्धा. मुंबई–चिपी मक्ता शाबूत राहिला आणि गिऱ्हाईक पत्रादेवीच्या नाक्यावरून पलीकडे गेले. ३६ महिन्यांपैकी मोप्याशिवायचे पहिले १५ च, आणि त्यांत करोनाची जानेवारी २०२२ मधली लाटही आली.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. चिपीचे उद्घाटन झाले त्याच्या आदल्याच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, सरकारी विमान कंपनी खासगी समूहाला विकल्याची घोषणा झाली. चिपीला येणारी प्रादेशिक कंपनी तिची उपकंपनी होती आणि विक्रीतून वगळलेली. म्हणजे पहिले विमान उतरले तेव्हाच पाठीमागचे घर विकले गेले होते. एप्रिल २०२२ पासून तिला तिकीटविक्रीही स्वतंत्रपणे करावी लागली. मुंबईत उतरून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला एका तिकिटावर जोडउड्डाण देणे तेव्हापासून अवघड झाले.

विमान मात्र जागेला साजेसे होते. एटीआर ७२ ला स्वतःचा जिना मागच्या दारात असतो, सामानाचा कप्पा पुढे. माणसे मागून चढत असल्याने शेपटी खाली बसू नये म्हणून तिच्याखाली टेकू लावतात. जमिनीवर वीज देणारे वेगळे इंजिन त्यात नसते. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने थांबवून आतले टर्बाइन चालू ठेवतात आणि त्यावर दिवे, एसी चालतात. याला हॉटेल मोड म्हणतात. म्हणून फारशी यंत्रसामग्री नसलेल्या विमानतळावरही ते उभे राहू शकते. अडचण सामानाची. ७० माणसे आणि मे महिन्यात प्रत्येकाकडे आंब्याची पेटी असली की वजनाचा मेळ पुढेमागे पुन्हा जुळवावा लागतो. (सुके खोबरे चेक-इन सामानातही चालत नाही. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते.)

मुंबईचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेली वेळ, ही शेवटची गाठ. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. ७० जणांचे एटीआर आणि १८० जणांचे जेट दोघांनाही एकच जागा लागते, आणि एटीआर हळू असल्याने मागच्याला थांबवते ते वेगळेच. भरपाई असेपर्यंत ही जागा चिपीला देणे परवडत होते.

मार्च २०२४ मध्ये गोव्यात मुख्यालय असलेल्या नव्या कंपनीने बंगळूर आणि हैदराबादहून, आणि त्याच वर्षी पुण्याहून, चिपीला एटीआर उडवायला सुरुवात केली. बंगळूर आणि हैदराबादला मुंबईसारखी स्लॉटची मारामारी नाही. मुंबईची फेरी थांबली तेव्हा चिपीत अशा प्रकारे विमाने होती, फक्त ज्या गावासाठी विमानतळ मागितला होता त्या गावचे नव्हते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘उडान’ दहा वर्षांसाठी, १२० नव्या ठिकाणांसह, सुधारून पुढे नेण्याची घोषणा झाली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि तिथली धावपट्टी दुसरीला छेदत नाही.