मीटरच्या काचेवरचं धुकं

"मीटरात पाणी शिरलंय, सिलिकॉन मारून पॅक करून टाकू." पावसाळ्यात जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार घेऊन गॅरेजला गेलं की तिच्या स्पीडोमीटरबद्दल हा सल्ला हमखास मिळतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातली पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. ताडदेव आरटीओत तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि टॅक्सीला २० वर्षांचीच मुदत असते. पण घरच्या गाड्या म्हणून जपलेल्या पद्मिन्या अजून आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्या स्पीडोमीटरची काच आतून पांढरी होते. सल्ला देणाऱ्याला गाडीची कळकळ असते, पण त्याचं निदान चुकलेलं असतं.

आधी पाणी किती ते मोजू. मीटरच्या डब्यात पाव लिटर हवा आहे असं धरा. बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. मुंबईची दमट हवा डब्यात घेऊन तुम्ही घाट चढलात, लोणावळ्याला मुक्काम केलात आणि पहाटे पारा २० पर्यंत उतरला, तर पाव लिटरमागे तीन-सव्वातीन मिलिग्रॅम पाणी हवेबाहेर पडणार. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे काच आंधळी करायला थेंबाचा सोळावा हिस्सा पुरला!

एवढंसं पाणी काचेवर सारखं पसरलं असतं तर त्याचा थर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागापेक्षाही पातळ झाला असता आणि तुम्हाला दिसलाही नसता. पाणी पारदर्शक आहे, काच पारदर्शक आहे. मग पांढरं काय दिसतं? या प्रश्नावर मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत आणि त्याचं उत्तर मला आजही तितकंच सुंदर वाटतं.

पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा रुंद आणि अर्धगोल धरला, तरी तीन मिलिग्रॅम पाण्याचे एक कोटीहून जास्त थेंब होतात. प्रत्येक थेंब म्हणजे एक इवलंसं भिंग. काट्यावरून आणि आकड्यांवरून येणारा प्रकाश प्रत्येक भिंग वेगळ्या दिशेला वळवतं, आणि सगळ्या दिशांनी विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्याला पांढरा दिसतो. ढग पांढरा दिसतो तोही यामुळेच.

थेंब व्हायचे की थर, हे काच किती स्वच्छ आहे यावर ठरतं. अगदी स्वच्छ काचेकडे पाण्याचे रेणू ओढले जातात आणि पाणी सपाट पसरतं. काचेवर तेलाचा एखाद-दुसऱ्या रेणूइतका पातळ थर असला, तरी पाणी काचेपासून अंग चोरतं आणि गोळा होतं. पाण्याची कड काचेला ज्या कोनात टेकते त्याला स्पर्शकोन म्हणतात. हा कोन शून्याजवळ असेल तर थर होतो, वाढला की थेंब. काचेवर फुंकर मारल्यावर उमटणाऱ्या या आकृत्यांचा अभ्यास जॉन एटकिन आणि लॉर्ड रॅले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच केला. काचेवरून एक बारीक ज्योत फिरवायची आणि काच गार झाल्यावर तिच्यावर श्वास सोडायचा. सगळी काच धुरकट होते, पण ज्योत जिथून गेली तेवढा पट्टा स्वच्छ राहतो. तिथेही वाफ बसलेलीच असते, फक्त थर होऊन.

जुन्या मीटरची काच आतून कधीच स्वच्छ नसते. डॅशबोर्डच्या रेक्झिनमधून वर्षानुवर्षं तेलकट वाफा निघत राहतात. स्पीडोमीटरच्या केबलला कुणी भरभरून ग्रीस लावलेलं असेल, तर फिरत्या तारेबरोबर त्याचं तेल मीटरपर्यंत चढतं. म्हणूनच केबलच्या मीटरकडच्या टोकाचा वीतभर भाग कोरडा ठेवतात. दुपारी गाडी उन्हात उभी करून पाहा. धुकं गेलं तर ते पाणी होतं. काच तरीही धुरकट राहिली तर तो तेलाचा पडदा आहे, आणि रात्री पाण्याचे थेंब त्याच पडद्यावर जमणार आहेत.

इथे बाजारातल्या 'नॅनो कोटिंग'बद्दल बोलायलाच हवं. पाऊस झटकून टाकणारे हे स्प्रे काचेचा स्पर्शकोन वाढवतात. बाहेरच्या विंडस्क्रीनवर ते ठीक, तिथे वारा थेंब उडवून नेतो. मीटरच्या आत वारा नाही, त्यामुळे तिथे हा स्प्रे धुकं वाढवतो. 'सर्व काचांसाठी' असं छापून तो विकणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

आता सिलिकॉन लावून मीटर बंद करण्याविषयी. बंद डबा ३० अंशांवरून ६० अंशांवर तापला की आतल्या हवेचा दाब दहा टक्क्यांनी वाढतो. दहा सेंटीमीटर व्यासाच्या काचेवर हा जोर आठ किलो वजनाएवढा होतो, आणि तो रोज दुपारी पडणार. शिवाय केबलचं भोक बंद करता येत नाही, कारण तिथून फिरती तार आत जाते. म्हणजे फट राहतेच. मग आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली तर? फट दहा चौरस मिलिमीटरची आणि पाच मिलिमीटर लांबीची धरून मी विसरणाचा, म्हणजे बाष्पाचे रेणू आपसूक आत पसरण्याचा, हिशेब केला. बाहेरची हवा दमट आणि आतली कोरडी असेल, तर दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास बाष्प आत येतं. ग्रॅमभर सिलिका जेल फार तर ३०० मिलिग्रॅम पाणी धरतं. तीन दिवसांत पुडी संपली. आणि पुडी नसेल, तर मीटरमधल्या हवेचा दमटपणा दोन-तीन तासांत गाडीतल्या हवेइतका होतो.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मीटर गाडीतलीच हवा घेतं, म्हणून कोरडी करायची ती गाडी. पायाखालचं कार्पेट उचला, त्याखालचा फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, पिळून बघा. विंडस्क्रीनचं रबर कडक झालं असेल किंवा दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील, तर हा फेल्ट लिटर-दीड लिटर पाणी सहज धरून बसतो. दुपारच्या उन्हात त्याची वाफ होते आणि रात्री तीच काचेवर येते.

फेल्ट वाळला, गळती थांबली की मग मीटर उघडा. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार निवडा, कारण झाकण लावताना जी हवा आत राहते ती तरी कोरडी हवी. काच साबणाने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, आणि आतल्या बाजूला बोट लावू नका. डायलवर स्पिरिट नको, छापलेले आकडे निघून येतात. काट्याला हात लावू नका, त्यामागची स्प्रिंग केसासारखी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी गाडीचं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं मीटर असेल तर घरी उघडूच नका. त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे.

आणि मीटरच्या जुन्या पिवळ्या बल्बऐवजी एलईडी लावायचा विचार असेल तर थोडं थांबा. तो दोन-तीन वॉटचा बल्ब आतली हवा कोमट ठेवतो. दिवा लावल्यावर पहिली काही मिनिटं धुकं वाढल्यासारखं दिसेल, कारण आधी डायल तापतो आणि त्याने धरलेला ओलावा गार काचेवर जातो. मग हळूहळू काचही तापते आणि धुकं दिव्याच्या बाजूने विरायला लागतं.