डोंगराच्या आधीची नदी

डोंगर आडवा आला की नदी वळसा घालते आणि नागमोडी वळणं फक्त सपाट मैदानात घेते, असा सर्वसाधारण समज आहे. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या दक्षिण नाहानी नदीपुढे तो टिकत नाही. मॅकेंझी पर्वतातून सुमारे ५४० किलोमीटर वाहत ती लिआर्ड नदीला मिळते. वाटेत चार घळया लागतात. पहिली हजार मीटरहून खोल, आणि चुनखडीच्या त्या उभ्या कड्यांमध्येही नदी मैदानातल्यासारखीच वळत जाते.

कारण सोपं आहे: नदी आधीची, डोंगर नंतरचा. सपाटीवर वाहताना नदीने वळणं घेतली. मग खालून जमीन उचलली जाऊ लागली, पण इतक्या सावकाश की पूर आणि गोटे तळ तितक्याच वेगाने खरवडत राहिले. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी त्यावर रेटली जाते, तसंच हे. जमीन वर्षाला एक मिलिमीटर उचलली गेली, तरी दहा लाख वर्षांत एक किलोमीटर होतो. उचल या खरवडण्याहून वेगवान असती, तर पाणी तुंबून तळं झालं असतं किंवा नदीने दुसरी वाट धरली असती. आपल्या सिंधू आणि सतलजनेही हिमालय असाच कापला आहे. भूगोलात अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात.

अशा वळणाची समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशावर एक तपासणी करता येते; रेषा जितक्या दाट, तितका उतार तीव्र. आतल्या काठावर रेषा विरळ आणि बाहेरच्या काठावर दाट असतील, तर खोदाई चालू असताना नदी बाजूलाही सरकत होती. दोन्हीकडे सारख्याच दाट असतील, तर ती जवळजवळ सरळ खाली उतरली.

पहिल्या आणि दुसऱ्या घळीमधल्या खोऱ्याला 'डेडमेन व्हॅली' म्हणतात. १९०८ मध्ये तिथे सोनं शोधायला गेलेल्या दोन भावांचे सांगाडे मिळाले, मुंडकी नव्हती. तेव्हापासून शापाच्या गोष्टी फिरतात. उघड्यावर कुजणाऱ्या शरीराची कवटी लवकर सुटते आणि जनावरं ती ओढून नेतात. मुंडकं नसण्याला शाप लागत नाही.

घळयांचे क्रमांक मुखाकडून मोजलेले आहेत, कारण प्रवासी प्रवाहाविरुद्ध वर येत. म्हणून चौथी घळ सर्वांत वर, नव्वदेक मीटर उंचीच्या व्हर्जिनिया धबधब्याच्या पायथ्याशी. तिची जन्मकथा वेगळी आहे. धबधबा आपल्याच कड्याचा पाया पोखरतो, वरचा खडक कोसळतो आणि धबधबा उगमाच्या दिशेने मागे सरकतो. मागे उरलेली चीर म्हणजे ही घळ. धबधब्याचं मागे सरकणं अजून थांबलेलं नाही.