थाळनेरची फाशी: इतिहासाच्या तासाची पार्श्वभूमी

खानदेशात गोष्टीतून शहाणपण शिकवायचे काम आधी कीर्तनाने केले. उत्तररंगातल्या (कीर्तनाच्या दुसऱ्या भागातल्या) आख्यानात बरे कोण, वाईट कोण हे ऐकणाऱ्याला आयते मिळे. अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांना १९२४ ते १९३० या काळात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी त्यात माया ओतली. १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि ‘कागद काय म्हणतो?’ हा प्रश्न गोष्टीच्या मागे लागला. सर्वांत मोलाचा टप्पा हाच, कारण त्यामुळे थाळनेरसारखे प्रकरण वर्गात आणता येते.

तापीकाठचे थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला. २७ फेब्रुवारीला इंग्रजांची फौज थाळनेरच्या किल्ल्यासमोर आली. किल्ला सोडा, नाहीतर बंडखोर ठराल, असा निरोप इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने धाडला. जबाब आला नाही आणि तोफा सुरू झाल्या. आत एकामागून एक दरवाजे होते. फौज आत शिरताच किल्लेदार दिंडीतून (मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून) बाहेर येऊन शरण गेला. शेवटच्या दरवाज्यावर मात्र अरब शिबंदीशी, म्हणजे किल्ल्यावरच्या शिपायांशी, बोलणे फिसकटले. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. दिंडीतून आत गेलेले दोन इंग्रज अधिकारी तिथेच मारले गेले. मग सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फासावर चढवले.

फाशी नेमकी कशाची? तह झाल्यावरही किल्ला अडवला, हा गुन्हा धरला तर शरण आलेल्याला अभय का नाही? आत झालेल्या वारांची म्हणावी, तर त्या वेळी किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होता. सेनापतीने दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या, आणि तिथेच अन्याय झाला. खुद्द ब्रिटिश पार्लमेंटलाही हे पचले नाही. १८१९ मध्ये फौजेचे आभार मानताना या फाशीला संमती देण्याचे मुद्दाम टाळले गेले.

बंडखोरीचा शिक्का पुढे सातपुड्यातल्या भिल्लांवर बसला. बंदुकीने ते नमले नाहीत, तेव्हा १८२५ मध्ये त्यांचीच पलटण उभारावी लागली. १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटणाऱ्यांना सरकार दरोडेखोर म्हणत होते, गावे क्रांतिकारक म्हणत होती.

मुलांपुढे थाळनेर मांडताना शेवट आधी सांगू नये. आधी सेनापतीचा निरोप, मग दरवाज्यांचा नकाशा आणि किल्लेदार कोणत्या क्षणी बाहेर आला ते. निकाल मुलांकडून लिहून घ्यावा. पार्लमेंटचा ठराव त्यानंतर वाचावा.