हौशी म्हणजे नेमका कोण? छंद म्हणून केलेले उड्डाण आणि अंगणातले खगोलछायाचित्रण : पार्श्वभूमी

थंड हवेची आघाडी पुढे सरकून गेली की दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. अशा दिवशी हलके विमान घेऊन वर गेलेल्या वैमानिकाला क्षितिज रेखीव दिसते, पण विमान सतत उसळत राहते. त्याच रात्री अंगणात दुर्बीण मांडून बसलेल्याला तारे भरपूर दिसतात, मात्र वर्धन वाढवले की गुरूचे बिंब वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखे थरथरू लागते. पहिला म्हणतो, हवा खडबडीत आहे. दुसरा म्हणतो, सीइंग खराब आहे. दोघांच्याही तक्रारीच्या मुळाशी हवेतली खळबळच असते. हवामानाचा नकाशा वाचण्याची सवय, निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तू तपासण्याची शिस्त आणि आठवडाभर आखलेला बेत ऐन वेळी रद्द करण्याची तयारी या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागतात, त्यामुळे हे दोन छंद एकाच घरात नांदताना आढळले तर नवल वाटू नये.

त्यांच्या इतिहासात मात्र एक मूलभूत फरक आहे. उड्डाणाच्या छंदाची हद्द जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कायद्याने आखली : वजन किती, वेग किती, सोबत माणसे किती, पैसे घ्यायचे की नाही आणि उडवणाऱ्याचे शरीर कसे असावे. अंगणातल्या छायाचित्रणाची हद्द आधी काचेने, मग रसायनाने आणि शेवटी सिलिकॉनने ठरवली. तिथे परवाना मागणारे कोणी नव्हते. 'हौशी' या शब्दाचा दोन्हीकडे झालेला गुंता या फरकातून आला आहे.

१९०३ च्या पहिल्या यांत्रिक उड्डाणानंतर काही वर्षे उडणारे जवळजवळ सगळेच हौशी होते, कारण व्यवसाय म्हणावा असे काही अजून उभेच राहिले नव्हते. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. १९१९ च्या तहाने जर्मनीवर विमानांबाबत कडक निर्बंध आले, तेव्हा तिथल्या तरुणांनी इंजिनाशिवाय उडण्याचा मार्ग धरला आणि १९२० मध्ये वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडिंगची पहिली स्पर्धा झाली. बंदीतून एक अख्खा क्रीडाप्रकार जन्माला यावा, हे उड्डाणाच्या इतिहासातले पहिले ठळक उदाहरण, शेवटचे नव्हे. १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये घडीच्या पंखांचे दोन आसनी हलके विमान आले आणि फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान मिळू लागले. १९३३ मध्ये फ्रान्समधल्या एका स्वयंशिक्षित कारागिराने घरी बांधता येईल असे चिमुकले विमान उडवले आणि ते बांधण्याची कृती पुस्तकरूपाने छापली. अनेकांनी ते बांधले आणि काहींनी त्यात जीव गमावला. १९३६ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात पूर्ण आकाराचे विमान ठेवून चाचण्या झाल्या तेव्हा दोष कळला : नाक एका मर्यादेपलीकडे खाली झुकले की दांडी मागे ओढूनही ते वर येत नसे, कारण पुढच्या आणि मागच्या पंखांमधल्या फटीतून जाणारा प्रवाह मागच्या पंखालाच उचलून धरत असे. 'घरी बांधलेले विमान' या शब्दांविषयी नियामकांच्या मनात बसलेली धास्ती पुढे बराच काळ टिकली, आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही.

कॅमेऱ्याची कथा याच्या उलट दिशेने गेली. १८४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये चंद्राचे छायाचित्र निघाले आणि १८५० मध्ये अभिजित ताऱ्याचे. पण अंधूक वस्तूंसाठी १८७० च्या दशकात आलेल्या कोरड्या जिलेटिन प्लेटची वाट पाहावी लागली. १८८० मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये लंडनजवळच्या ईलिंग इथे पेशाने सांडपाणी-अभियंता असलेल्या माणसाने घरच्या बागेतल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे असे चित्र काढले की त्यात डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. पुढे १८८८ मध्ये बांधकामाच्या धंद्यातल्या एका गृहस्थाने देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना प्लेटवर पकडली. याचा अर्थ असा की या क्षेत्रात हौशी मंडळी वेधशाळांच्या मागून चालत नव्हती, काही वर्षे तीच पुढे होती. विसाव्या शतकात पर्वतशिखरांवर शंभर आणि दोनशे इंची आरसे बसले तेव्हा ही आघाडी संपली, आणि 'हौशी' या शब्दाला 'कमी प्रतीचा' अशी छटा चिकटली.

त्यानंतर बराच काळ अंगणातल्या छायाचित्रकाराची खरी लढाई फिल्मशी होती. प्रकाश अगदी मंद असला की फिल्मची संवेदनशीलताच घसरते. दुप्पट वेळ उघडी ठेवली म्हणून दुप्पट प्रतिमा मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून लोक फिल्म नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणात तासन्‌तास गरम करून 'हायपर' करत. मग दुर्बिणीशेजारी बसून, नेत्रिकेतल्या दोन प्रकाशित तारा जिथे छेदतात तिथे आकाशातला एक मार्गदर्शक तारा धरून ठेवत, तासभर बटणे दाबत राहायचे. पृथ्वी दर सेकंदाला १५ कोनीय सेकंद (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फिरते. दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणाऱ्या माउंटच्या गिअरमध्ये बारीकसा दोष असला तरी तारे रेघोट्या होतात. थंडीत पापणी लवली आणि तारा छेदावरून निसटला की ती रात्र गेली, आणि ते कळायचे चार दिवसांनी, फिल्म धुऊन आल्यावर.

उड्डाणाकडे परत यायचे तर १९७८ हे वर्ष लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे १७,८०० लहान विमाने बनली. १९९४ पर्यंत हा आकडा हजाराच्या खाली आला. कारणे अनेक होती, पण उत्पादकांवरील नुकसानभरपाईचे दावे हे सर्वांत जास्त चर्चिले गेलेले कारण. १९९४ च्या कायद्याने अठरा वर्षांहून जुन्या विमानांबाबतची जबाबदारी बरीच मर्यादित केली. दरम्यान छंदाने खालून वाट काढली होती. हँग ग्लायडरला लहान इंजिने जोडली जाऊ लागली आणि १९८२ च्या नियमाने त्यांना मान्यता दिली : एक आसन, रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा कमी, इंधन ५ गॅलन, सपाट उड्डाणात वेग ५५ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), परवाना नाही, नोंदणी नाही, वैद्यकीय तपासणीही नाही. अट एवढीच की उड्डाण दिवसाउजेडी आणि दाट वस्तीपासून दूर व्हावे. थोडक्यात, पडलात तर तुम्ही एकटेच पडाल, अशी जागा कायद्याने आखून दिली.

खरा वाद उद्भवला तो २००४ च्या नियमावरून, आणि त्याला इथे थोडी अधिक जागा देणे भाग आहे. त्या वर्षी अमेरिकेत 'स्पोर्ट पायलट' हा नवा परवाना आणि त्याच्या जोडीला हलक्या क्रीडा-विमानांचा नवा वर्ग अस्तित्वात आला. कमाल वजन १,३२० पौंड, आसने दोन, वेग १२० नॉट, उड्डाण फक्त दिवसा. खासगी वैमानिकाला किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागत असे, इथे २० तास पुरत. वजनाच्या मर्यादेवर आधी भांडण झाले. १९३० च्या दशकातले गाजलेले पिवळे दोन आसनी विमान १,२२० पौंडांचे असल्याने आत बसत होते, पण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हजारोंनी ज्यावर उडायला शिकले ते प्रशिक्षण-विमान १,५०० पौंडांचे असल्याने बाहेर राहिले. जड विमान नवशिक्याला अनेकदा अधिक सोपे जाते, कारण वाऱ्याच्या झोताने ते कमी हलते; त्यामुळे ही रेघ सुरक्षिततेसाठी कमी आणि नव्या उत्पादकांच्या सोयीसाठी जास्त आहे, असा आरोप झाला.

तरीही सर्वांत मोठा गुंता वैद्यकीय अटीचा. स्पोर्ट पायलटसाठी विमान-वैद्यकाच्या प्रमाणपत्राची गरज उरली नाही. मोटार चालवण्याचा वैध परवाना असला आणि आपण उडण्यास तंदुरुस्त आहोत, असे स्वतःचे प्रामाणिक मत असले की पुरे. मात्र एक अपवाद होता. ज्याने वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी शेवटचा अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला होता, किंवा ज्याचे शेवटचे प्रमाणपत्र रद्द अथवा निलंबित झाले होते, त्याला मोटारीच्या परवान्यावर उडता येणार नव्हते. आता दोन माणसे डोळ्यांपुढे आणावीत. दोघांच्याही हृदयाची तक्रार सारखीच आहे आणि दोघांनाही त्यांचा डॉक्टर उडायला हरकत नाही म्हणतो. पहिल्याने नकाराच्या भीतीने तपासणीच केली नाही आणि जुने प्रमाणपत्र आपोआप संपू दिले. दुसऱ्याने नियमाप्रमाणे अर्ज केला, तक्रार लिहून दिली आणि नकार पदरात घेतला. नव्या नियमाने पहिला उडू शकतो, दुसरा जमिनीवर. दुसऱ्याला मार्ग एकच : महागड्या चाचण्या करून विशेष मंजुरीचे प्रमाणपत्र एकदा मिळवायचे आणि मग ते खुशाल संपू द्यायचे.

नियामकांची बाजू अशी होती की ज्या माणसाला आपणच अपात्र ठरवले आहे त्याला दुसऱ्या दाराने आत घेणे कोणत्याही न्यायालयात समर्थनीय ठरणार नाही. हा युक्तिवाद कागदावर नीट उभा राहतो. पण त्याचा परिणाम असा झाला की संशय असेल तर अर्ज करू नका, हा सल्ला धावपट्टीवरच्या गप्पांमध्ये शहाणपणाचा मानला जाऊ लागला. प्रामाणिकपणे फॉर्म भरणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला सवलत देणारी रचना सुरक्षिततेच्या नावाखाली उभी करणे, हे या लेखकाच्या मते त्या नियमाचे सर्वांत कमकुवत अंग होते. २०१७ मध्ये आलेल्या पुढच्या सवलतीत आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून चार वर्षांतून एकदा तपासणी आणि दोन वर्षांतून एकदा ऑनलाइन पाठ एवढ्यावर सहा आसनांपर्यंतची विमाने उडवता येऊ लागली, पण शेवटचा अर्ज नाकारलेला नसावा ही अट तिथेही कायम राहिली.

पैशांची रेघ त्या मानाने सरळ दिसते, पण तिथेही 'हौशी' हा शब्द अडखळतो. मराठीत हौशी म्हटले की त्यात कौतुक आणि सूट दोन्ही येतात. कायद्यात हौशी म्हणजे मोबदला न घेणारा, बस्स. खासगी वैमानिकाने इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे यांतला आपला वाटा स्वतः भरायचा. उरलेला खर्च सहप्रवाशांनी वाटून घेतला तरी चालते. मात्र ते सहप्रवासी संकेतस्थळावर जाहिरात करून गोळा केले तर तो प्रवासी वाहतुकीचा धंदा ठरतो, असा निर्वाळा २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने दिला. युरोपातल्या नियमांनी याच पद्धतीला सहा जणांच्या मर्यादेत मोकळीक दिली आहे. माणूस तोच, विमान तेच. समुद्र ओलांडला की हौशीचा व्यावसायिक होतो.

अंगणात याच काळात विनापरवाना क्रांती होत होती. सीसीडी, म्हणजे फिल्मऐवजी प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप, १९६९ मध्ये जन्मली, पण साधारण हौशी माणसाच्या आवाक्यात ती १९९० च्या दशकात आली, तीही टपालाच्या तिकिटाहून लहान आकारात. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत लोकांनी गप्पांसाठी विकले जाणारे वेबकॅम उघडून त्यांचे भिंग काढले आणि ते दुर्बिणीला लावले. ग्रहाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, हवा क्षणभर स्थिरावली असताना आलेल्या फ्रेम संगणकाने निवडायच्या आणि त्याच एकावर एक रचायच्या. स्टॅकिंगच्या या युक्तीने अंगणातल्या ८ इंची दुर्बिणीने फिल्मच्या जमान्यातल्या मोठ्या वेधशाळांनाही हेवा वाटावा अशी ग्रहांची चित्रे दिली. २००३ नंतर डिजिटल एसएलआर कॅमेरे स्वस्त झाले. त्यांत एकच अडचण होती : संवेदकापुढचा फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवत असे, आणि तेजोमेघ नेमके त्याच रंगात उजळतात. म्हणून नवा कोरा कॅमेरा पेचकसाने उघडून तो फिल्टर काढणारे लोक निघाले, आणि हमीपत्राला तिलांजली देणे हा या छंदाचा जवळजवळ दीक्षाविधी झाला.

'हौशी' हा शब्द इथे वेगळ्या कारणाने ढिला पडला. २००९ मध्ये गुरूवर आदळलेल्या वस्तूचा काळा डाग ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी निरीक्षकाला घरच्या दुर्बिणीतून सर्वप्रथम दिसला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात एकजण नवा कॅमेरा तपासून पाहण्यासाठी एका दीर्घिकेची २० सेकंदांची एकेक छायाचित्रे घेत होता; त्या मालिकेत एका अतिनवताऱ्याचा (स्फोट पावणाऱ्या ताऱ्याचा) प्रकाश उजळू लागण्याचे पहिले क्षण सापडले. २०२३ च्या सुरुवातीला तर देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक प्रचंड कमान हौशींनी जाहीर केली. ज्या वस्तूचे छायाचित्र जगात बहुधा सर्वांत जास्त वेळा घेतले गेले असेल, तिच्या शेजारी ती इतकी वर्षे कोणालाच दिसली नव्हती.

दोन्ही छंदांचा थेट खटका उडाला तो हिरव्या लेझरमुळे. तारे दाखवण्यासाठी हातात धरायचा हा किरण २००० च्या दशकात स्वस्त झाला, आणि अंधाराला सरावलेल्या वैमानिकाच्या डोळ्यांवर तो आला की पुढचे काही क्षण त्याला उपकरणेही दिसत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो, हे दुर्बिणीवाल्याइतके कोणाला ठाऊक असणार? विमानावर लेझर रोखणे हा २०१२ पासून अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. तरीही २०२३ या एका वर्षात तिथे अशा १३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांत खगोलप्रेमींचा वाटा किरकोळ असणार, असे मानायला जागा आहे, पण दुर्बीण ताऱ्यावर रोखण्यासाठी तिच्यावर लेझर बसवणाऱ्या माणसाकडे शेजारी संशयाने पाहू लागले ते तेव्हापासून. उलट बाजूची तक्रार सौम्य आहे : पाच मिनिटांच्या एक्सपोजरमधून लुकलुकत गेलेल्या विमानाची ठिपक्यांची रेघ. स्टॅकिंग करताना ती पुसली जाते. २०१९ पासून झुंडीने सोडल्या जाणाऱ्या उपग्रहांच्या रेघाही तशाच पुसाव्या लागतात, मात्र त्यांच्या संख्येपुढे विमानांची तक्रार आता कोणी फारशी करत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये २००४ च्या नियमाची मोठी फेररचना जाहीर झाली. १,३२० पौंडांची मर्यादा गेली. तिच्या जागी विमान हवेत किती कमी वेगापर्यंत तरते हा निकष आला, आणि ऑक्टोबरपासून चार आसनी विमानेही स्पोर्ट पायलटला खुली झाली, सोबत नेण्याची परवानगी मात्र एकाच प्रवाशाची. जुने प्रशिक्षण-विमान एकवीस वर्षांनी आत आले. रात्रीच्या उड्डाणाचे दारही उघडले, पण त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते आणि मोटारीचा परवाना पुरत नाही. विमान-वैद्यकाचे प्रमाणपत्र किंवा २०१७ ची सवलत यांपैकी एक हाती असावे लागते. २००४ मध्ये खरे सांगून नकार घेतलेला आणि नंतर कधीच प्रमाणपत्र न मिळालेला माणूस त्यामुळे दिवसाही जमिनीवरच आहे आणि रात्रीही.